एका रेकॉर्डवरचे दोन बँड आणि तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘आणि’

सिनॉप्सिसच्या शीर्षकात सगळ्यात कमी विचार कोणत्या शब्दाचा होतो? माझ्या मते ‘आणि’चा. ‘बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अमुक-तमुकचा तुलनात्मक अभ्यास’ अशी शीर्षकं तुम्ही ग्रंथालयातल्या प्रबंधांच्या कपाटात ढिगानं पाहिली असतील. ‘अमुक-तमुक’ काय असावं यावर आपण सहा महिने घालवतो. ‘तुलनात्मक’ची व्याख्या चार पुस्तकांतून काढतो. पण बारामतीच्या शेजारी इंदापूरच का, हे विचारलं की उत्तर येतं, ‘सर, जवळ आहे.’

आज या ‘आणि’बद्दल लिहितोय, पण उदाहरण उसाचं किंवा पतसंस्थांचं घेत नाही. उदाहरण आहे ग्राइंडकोर संगीताचं. दचकू नका. या संगीतात ‘स्प्लिट’ नावाचा एक प्रकार आहे, आणि तुलना कशी करावी, कुठे ती फसते, हे शिकायला त्याच्याइतकं सोपं आणि स्वस्त साधन मला दुसरं माहीत नाही. इयरफोन लागतील, आवाज कमी ठेवा, आणि सोबत कागद-पेन घ्या.

आधी दोन शब्द समजून घेऊ

ग्राइंडकोर हे १९८०च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये आकाराला आलेलं संगीत. हार्डकोर पंकचा राग आणि मेटलचं वजन एकत्र केलं, वेग सहन होईल त्याच्या पुढे नेला आणि गाणी इतकी छोटी केली की काही गाणी अर्ध्या मिनिटात संपतात. ड्रमवर ‘ब्लास्ट बीट’ नावाचा ठोका असतो. हात इतके भराभर चालतात की ताल मोजता येत नाही, नुसती थरथर जाणवते. गायक गुरगुरतो किंवा किंचाळतो. शब्द कानाला कळत नाहीत, ते कव्हरवर छापलेले वाचावे लागतात. आणि वाचल्यावर लक्षात येतं की विषय बहुतेकदा राजकीय आहेत: कंपन्या, युद्ध, धर्मसत्ता, प्राण्यांची कत्तल. मुंबईच्या ‘गटस्लिट’सारख्या ग्राइंडकोर आणि डेथ मेटलच्या सीमेवरच्या बँडमुळे हा आवाज आपल्याकडेही अगदीच परका राहिलेला नाही.

स्प्लिट म्हणजे एकाच रेकॉर्डवर दोन बँड, एकाला एक बाजू, दुसऱ्याला दुसरी. यामागचं कारण आधी पैशाचं आहे. रेकॉर्ड छापायला खर्च येतो, तो दोघांत वाटला जातो. शिवाय एका बँडचे श्रोते दुसऱ्याला फुकट मिळतात. पोस्टानं कॅसेटी पाठवून चालणाऱ्या त्या अंडरग्राउंड जगात ही मोठीच सोय होती. बेल्जियमच्या ‘अ‍ॅगाथोक्लीज’ या बँडच्या नावावर तर शेकड्यांनी रेकॉर्ड आहेत आणि त्यात स्प्लिटचा भरणा मोठा आहे.

तुम्ही म्हणाल, दोन पार्ट्या एका मांडवात, हे तर आपल्याकडेही आहे. तमाशातले सवाल-जवाब आहेत, कलगी-तुरा आहे, कोकणात भजनाची डबलबारी आहे. पण फरक बघा. तिथे दुसरी पार्टी पहिलीचं ऐकून, तिथल्या तिथे उत्तर देते. नातं मंचावरच तयार होतं आणि सगळ्यांना दिसतं. स्प्लिटमध्ये दोन्ही बाजू बहुतेकदा वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांचं न ऐकता रेकॉर्ड झालेल्या असतात. त्यांच्यातलं नातं ऐकणारा जुळवतो.

आजचा मुद्दा एवढाच आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांची तुलना झाली असं होत नाही. शेजार आयता मिळतो, नातं सिद्ध करावं लागतं.

‘स्कम’: एका नावाचे दोन बँड

अभ्यासासाठी मी मुद्दाम असा अल्बम घेतोय ज्याच्या कव्हरवर स्प्लिट असं कुठेही लिहिलेलं नाही. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडचा ‘स्कम’, १९८७ साली नॉटिंगहॅमच्या इअरेक रेकॉर्ड्सनं काढलेला. २८ गाणी, सुमारे ३३ मिनिटं.

कव्हरवर नाव एकच आहे, पण आत दोन बँड आहेत. ए बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये रेकॉर्ड झाली. तेव्हा निक बुलन बास वाजवत आणि गात होता, गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक आणि ड्रमवर मिक हॅरिस. मे १९८७ मध्ये बी बाजू रेकॉर्ड झाली तेव्हा गायक ली डोरियन, गिटारवर बिल स्टीअर, बासवर जिम व्हाइटली. जुन्यांपैकी उरला फक्त ड्रमर. गंमत म्हणजे ए बाजूची गाणी मुळात ‘अ‍ॅटाव्हिस्टिक’ नावाच्या दुसऱ्या बँडबरोबरच्या स्प्लिटसाठीच रेकॉर्ड केलेली होती. तो स्प्लिट झाला नाही. नऊ महिन्यांनी त्याच नावाच्या नव्या बँडनं उरलेली बाजू भरली आणि नकळत स्प्लिटच तयार झाला.

संशोधकाच्या नजरेनं बघा: शहर तेच, स्टुडिओ तोच, नाव तेच, ड्रमर तोच. बदलले ते बाकीचे तिघे (ए बाजूला बास आणि गाणं एकाच माणसाकडे होतं). जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जी व्यतिरेक पद्धत सांगितली, म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं, तिच्या इतकं जवळ जाणारं उदाहरण कलेच्या अभ्यासात क्वचित सापडतं. म्हणूनच ते मोहात पाडतं, आणि म्हणूनच जपून हाताळायला हवं.

ए बाजू ऐकताना

पहिलं गाणं ‘मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स’. नाव ऐकून वेगाची अपेक्षा असते, मिळतो तो गिटारचा लांबलेला गुंजारव, ड्रमची सावकाश गडगड आणि खोल आवाजातला शाप. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधीची शांतता असावी तसं. मग ‘इन्स्टिंक्ट ऑफ सर्व्हायव्हल’ सुरू होतं आणि पंकचा सरळ धक्का बसतो. ‘द किल’ अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. ‘सीज ऑफ पॉवर’ जवळपास चार मिनिटं चालतं, म्हणजे या हिशेबात महाकाव्यच. या बाजूला १२ गाणी आहेत आणि सरासरी लांबी साधारण दीड मिनिट आहे.

लांबीपेक्षा महत्त्वाचं आहे वेगाचं चढणं-उतरणं. एखादं गाणं जड पावलांनी सुरू होतं, मान हलायला लागते, तेवढ्यात ब्लास्ट बीट येतो आणि पायाखालची जमीन सरकते. थोड्या वेळानं पुन्हा जड पावलं. संथ भागामुळे जलद भाग जलद वाटतो. ए बाजूत वेग ही घटना आहे.

बाजूचं शेवटचं गाणं ‘यू सफर’. लांबी १.३१६ सेकंद. गिनीज बुकानं जगातलं सर्वांत छोटं रेकॉर्ड झालेलं गाणं म्हणून त्याची नोंद घेतली. शब्द फक्त चार आणि ते मिळून एक प्रश्न होतो. गाणं इतकं छोटं आहे की त्याचा अर्थ ते संपल्यावरच्या शांततेत लागतो. विनोद म्हणून हसून सोडून द्यावं असं ते आहे खरं. पण प्रश्न दुःखाचा आहे आणि उत्तराला जागाच ठेवलेली नाही, हे एकदा लक्षात आलं की हसू थोडं अडकतं.

बी बाजू ऐकताना

या बाजूला १६ गाणी आहेत, सरासरी एक मिनिटाच्याही आत. चार मिनिटांचं काही नाही. पहिल्या सेकंदापासून वेग आहे आणि तो फारसा उतरत नाही. डोरियनचा आवाज बुलनपेक्षा जास्त घशातून येतो, शब्द ओळखण्याची आशा लवकर सुटते. स्टीअरची गिटार जाड आणि गढूळ आहे. पाचवं गाणं कधी संपलं आणि सहावं कधी सुरू झालं, हे पहिल्यांदा ऐकताना सांगता येत नाही.

इथे वेग घटना उरत नाही, तो हवामान होतो. सतत पाऊस पडत असेल तर आपण पाऊस ऐकायचं सोडतो आणि पत्र्यावरचा, झाडावरचा, चिखलातला असे वेगवेगळे आवाज ऐकायला लागतो. बी बाजूचं तसंच होतं. तिसऱ्यांदा ऐकताना कान ठोक्यांमधल्या छोट्या फटींकडे जातो, गायक कुठे श्वास घेतो तिकडे जातो. दोन गाण्यांच्या नावांमागे, ‘लाइफ?’ आणि ‘सक्सेस?’, प्रश्नचिन्हं आहेत. ए बाजूनं शेवटच्या सव्वा सेकंदात विचारलेला प्रश्न ही बाजू नावांमध्ये ठेवते असं मला वाटलं. पण थांबा. ‘असं मला वाटलं’ हा पुरावा नाही. हे नातं बँडनं जोडलंय की मी? सध्या तरी मी. वहीत ते ‘माझं निरीक्षण’ या रकान्यात जाईल, ‘निष्कर्ष’ या रकान्यात नाही.

आता तुलना, आणि तिचे तीन खड्डे

फरक दिसला: ए बाजूत चढ-उतार, बी बाजूत सलग वेग. कारण काय? सोपं उत्तर तयार आहे: माणसं बदलली म्हणून. या उत्तरात तीन खड्डे आहेत आणि तिन्ही तुमच्या प्रबंधातही येणार आहेत.

पहिला खड्डा: सामाईक म्हणजे स्थिर, असं आपण धरून चालतो. ड्रमर दोन्हीकडे तोच, म्हणून वेगातला फरक त्याच्यामुळे नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण ऑगस्ट १९८६चा हॅरिस आणि मे १९८७चा हॅरिस एकच आहे का? नऊ महिने रोज वाजवणारा माणूस जलद होतो. ‘ग्राइंडकोर’ हे नाव या प्रकाराला ज्यानं दिलं असं मानतात तो हाच माणूस. वेग हाच त्याचा ध्यास होता. म्हणजे आपण ज्याला स्थिर समजलो, तोच कदाचित सगळ्यात जास्त हलत होता.

मग तपासायचं कसं? दोन बाजूंवर भागत नाही, आणखी बिंदू लागतात. १९८५चा ‘हेट्रेड सर्ज’ हा डेमो घ्या. त्यात बुलन आणि ब्रॉडरिक आहेत, हॅरिस नाही. वेग ए बाजूपेक्षा कमी आहे. म्हणजे १९८५, १९८६, १९८७ असा चढता वेग दिसतो आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त जुळतं ते हॅरिसचं येणं आणि राहणं. वेगापुरतं तरी श्रेय नव्या माणसांपेक्षा जुन्या माणसाकडे जास्त जातं. फक्त ए आणि बी ऐकून हे कधीच कळलं नसतं.

दुसरा खड्डा: नंतर काय झालं त्यावरून आधीचं वाचणं. ब्रॉडरिकनं पुढे ‘गॉडफ्लेश’ काढला, संथ, जड, यंत्राच्या ठोक्यावर चालणारा. डोरियननं ‘कॅथिड्रल’ काढला, तोही संथ. स्टीअर ‘कारकस’मध्ये रमला. हे माहीत असलेला श्रोता ए बाजूच्या संथ जागांत लगेच ‘भावी गॉडफ्लेश’ ऐकतो. पण मग डोरियन ज्या बी बाजूवर गातो, तिथे ‘भावी कॅथिड्रल’ का ऐकू येत नाही? आपल्याला हवं तिथेच भविष्य सापडतं. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात ठेवा. कवीच्या पहिल्या संग्रहात त्याच्या शेवटच्या संग्रहाची ‘बीजं’ शोधणारे प्रबंध आपल्याकडे कमी नाहीत.

तिसरा खड्डा: केलं नाही म्हणजे जमत नव्हतं. बी बाजूत संथपणा नाही, म्हणून ‘नव्या फळीला संथ वाजवता येत नव्हतं, चढ-उतार बुलन-ब्रॉडरिकबरोबर गेले’ असा निष्कर्ष मोहक आहे. पुढच्या वर्षीचा, १९८८चा अल्बम लावा: ‘फ्रॉम एन्स्लेव्हमेंट टू ऑब्लिटरेशन’. डोरियन, स्टीअर, हॅरिस तेच, बासवर आता शेन एम्बरी. पहिलंच गाणं, ‘इव्हॉल्व्ह्ड अ‍ॅज वन’, तीन मिनिटांहून मोठं आणि चांगलंच संथ आहे. निष्कर्ष कोसळला. संथपणा त्यांना येत होता, मे १९८७ मध्ये त्यांनी तो वापरला नाही, इतकंच म्हणता येतं. निवड होती की घाई होती, ते बी बाजू स्वतः सांगत नाही.

बघा, चार बिंदू घेतल्यावर आपलं विधान किती बारीक झालं. सुरुवातीला ‘माणसं बदलली म्हणून संगीत बदललं’ होतं. आता ते असं आहे: ‘वेगाची वाढ ड्रमरच्या वाटचालीशी जुळते. संथ-जलद विरोध ही ए बाजूची रचना आहे, कुणा एकाची मालमत्ता नाही.’ विधान लहान झालं, पण तोंडी परीक्षेत ते टिकेल.

एक सेकंद विरुद्ध एक सेकंद

आता खराखुरा स्प्लिट. १९८९ साली इअरेकनं ‘ग्राइंडक्रशर’ नावाचा निवडक गाण्यांचा संग्रह काढला. त्याच्या काही प्रतींबरोबर सात इंची छोटी रेकॉर्ड फुकट दिली. एका बाजूला नेपाम डेथचं ‘यू सफर’, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रो हिप्पीज या बँडचं ‘मेगा-आर्मगेडन डेथ’. दोन्ही गाणी साधारण सेकंदभराची. रेकॉर्ड उलटायला लागणारा वेळ दोन्ही गाण्यांच्या एकूण वेळेपेक्षा जास्त.

समीक्षक म्हणून मला ही रेकॉर्ड आवडते, आणि ती थोर कलाकृती आहे असं मला वाटत नाही. आवडते याचं कारण ती दोन्ही गाण्यांतली एक समान युक्ती उघडी पाडते: विषय अवाढव्य आणि वेळ जवळजवळ शून्य. एकीकडे माणसाच्या दुःखाचं कारण, दुसरीकडे जगाचा महाविनाश, आणि दोन्ही एका शिंकेत. पण फरकही आहे. ‘यू सफर’ला ‘स्कम’मधली जागा आहे. त्याच्या आधी ११ गाण्यांचा दाब आहे, तो त्या सव्वा सेकंदात फुटतो. छोट्या रेकॉर्डवर त्याचा संदर्भ निघून जातो आणि विक्रम तेवढा उरतो. म्हणजे या स्प्लिटनं साम्य ठळक केलं आणि त्याच हातानं एका गाण्याचं सगळ्यात मोलाचं अंग कापून टाकलं. तुलनेची किंमत असते, ती ही. आपण दोन गोष्टी एका पातळीवर आणतो तेव्हा प्रत्येकीची स्वतःची जमीन काढून घेतो.

दुसरं म्हणजे इथला ‘आणि’ कुणी लिहिला? रेकॉर्ड कंपनीनं. हा जाहिरातीचा चांगला विनोद होता. ‘या दोन बँडनी मिळून लघुतेचं सौंदर्यशास्त्र घडवलं’ असं कुणी या एका रेकॉर्डवरून लिहिलं, तर तो कंपनीच्या ‘आणि’ला बँडचा ‘आणि’ समजतोय.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. हे दोन नमुने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? ‘स्कम’चं कव्हर काढलं जेफ वॉकरनं. हा वॉकर इलेक्ट्रो हिप्पीजमध्ये होता. नंतर तो कारकसमध्ये गेला, जिथे ‘स्कम’च्या बी बाजूचा गिटारवाला स्टीअर होता. माणसं, कॅसेटी, कल्पना सगळं इकडून तिकडे फिरत होतं. मग दोन्ही बँडना एक सेकंदाचं गाणं सुचलं, हे दोन पुरावे धरायचे की एकच?

हा प्रश्न संशोधनात फार जुना आहे. १८८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरनं अनेक समाजांतल्या विवाहपद्धतींची आकडेवारी मांडली, तेव्हा फ्रान्सिस गाल्टननं विचारलं: हे समाज एकमेकांकडून शिकले असतील तर तुम्ही एकच उदाहरण अनेकदा मोजताय, नाही का? त्याला आजही ‘गाल्टनचा प्रश्न’ म्हणतात. गाल्टनचे वंशसुधारणेचे विचार घातक होते, त्यांचं समर्थन करायचं कारण नाही, पण हा प्रश्न चोख आहे. योगायोग असा की गाल्टनही बर्मिंगहॅमचाच.

आता बारामती आणि इंदापूर

वरचं सगळं आपल्या शीर्षकाला लावून बघू.

सामाईक काय? नीरा डावा कालवा. पुरंदरमधून बारामतीत, बारामतीतून इंदापुरात जाणारा, १८८०च्या दशकापासूनचा. सिनॉप्सिसमध्ये आपण लिहितो, ‘दोन्ही तालुक्यांना नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते, त्यामुळे सिंचन हा घटक समान आहे.’ हा पहिला खड्डा. कालवा सामाईक आहे, पाणी सारखं नाही. इंदापूर शेपटाकडे आहे. वरच्यांनी घेऊन उरेल ते खाली, ही टेलच्या शेतकऱ्याची जुनी तक्रार. शिवाय इंदापूरच्या एका अंगाला उजनीचं बॅकवॉटर आहे, तिथली शेती वेगळ्याच पाण्यावर चालते. मिक हॅरिससारखंच इथेही जो घटक स्थिर धरला, तोच बदलता निघतो.

स्वतंत्र आहेत का? भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना इंदापूर तालुक्यात आहे, पण उसाची गाडी तालुक्याची हद्द बघून थांबत नाही. सोयरिकी, बाजार, कॉलेज, दवाखाना, एमआयडीसीतली नोकरी, सगळं हद्द ओलांडून चालतं. इंदापूरच्या गावात राहून बारामतीत कामाला जाणारा मुलगा तुमच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात? गाल्टनचा प्रश्न इथे एसटीत बसून येतो.

आणि हा ‘आणि’ कुणी लिहिला? महसूल खात्याच्या नकाशानं? गाइडनी? की दोन्हीकडे तुमचे नातेवाईक आहेत आणि सर्व्हेला सोपं जाईल म्हणून? सोय हे कारण असायला हरकत नाही, पण ते पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहा आणि त्याच्यावर जास्त वजन टाकू नका.

चांगला ‘आणि’ कसा दिसतो, तेही सांगतो. इंग्रजी अमलात जमीनमोजणी आणि सारा ठरवण्याची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. आणि १८७५चे दख्खनचे दंगे, सावकारांच्या कर्जरोख्यांविरुद्धचे, सुरू झाले सुप्यात, जे आज बारामती तालुक्यात आहे. आता कुणी विचारलं की ‘साऱ्याची नवी पद्धत आणि शेतकऱ्याचा कर्जबाजारीपणा यांचा संबंध तपासायला इंदापूर आणि सुपे परगणा का?’, तर उत्तर ‘जवळ आहे’ एवढंच राहत नाही. प्रश्नामुळे ठिकाणं निवडली गेली. उत्तर काय येईल ते वेगळं, पण हा ‘आणि’ कमावलेला आहे.

वहीत लिहून ठेवा

शीर्षकात ‘आणि’ आला की स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

१. हा ‘आणि’ कुणी लिहिला: विषयानं, प्रशासनानं, प्रकाशकानं, की सोयीनं?
२. दोन्हीकडे सारखं आहे असं मी जे म्हणतोय, ते खरंच स्थिर आहे का? कशावरून?
३. दोघं एकमेकांकडून किती घेतात? दोन पुरावे आहेत की एकाच पुराव्याच्या दोन प्रती?
४. तिसरा किंवा चौथा बिंदू कुठे मिळेल, जो माझं आवडतं विधान पाडू शकेल?

चौथा प्रश्न सगळ्यात नावडता. ‘इव्हॉल्व्ह्ड अ‍ॅज वन’ शोधायला कुणाला आवडत नाही, कारण ते गाणं नसतं तर आपला निष्कर्ष किती छान बसला असता! पण तुम्ही शोधलं नाही तर बाहेरचा परीक्षक शोधेल, आणि तोपर्यंत फील्डवर्कची दोन वर्षं गेलेली असतील.

मग अल्बम कसा आहे?

पद्धतीच्या नादात मूल्यमापन राहून जाऊ नये. समीक्षेत शेवटी सांगावं लागतंच. माझ्या मते ‘स्कम’ची ए बाजू जास्त चांगली. तिच्यात वेगाला कारण आहे, वजन आहे, आणि शेवटी एका सेकंदात दार आपटून बंद करण्याची हिंमत आहे. बी बाजू मात्र पुढच्यांना जास्त उपयोगी पडली. सलग वेगाचं ते हवामान पुढे या प्रकाराची ओळखच झालं, आणि तिची नक्कल करणाऱ्या अनेकांकडे ए बाजूचा तोल राहिला नाही. सरस असणं आणि प्रभावी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना ‘सर्वाधिक संदर्भ दिलेला निबंध’ आणि ‘सर्वोत्तम निबंध’ यांची गल्लत करू नका.

दोन्ही बाजू एका रेकॉर्डवर असण्यानं अल्बम मोठा झाला का? मला वाटतं, हो. ए बाजू एकटी असती तर चांगला पंक-मेटल रेकॉर्ड म्हणून राहिली असती, बी बाजू एकटी असती तर वेगाची कसरत वाटली असती. शेजारी ठेवल्यावर एक संगीतप्रकार जन्माला येताना ऐकू येतो. पण ‘ऐकू येतो’ म्हणताना मला वरचे चार बिंदू दाखवावे लागले, हे विसरू नका.

पुढच्या लेखापर्यंत एक गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक कागदावर लिहा. ‘आणि’ खोडा आणि फक्त पहिला अर्धा भाग घेऊन संशोधन-प्रश्न लिहून बघा. प्रश्न तसाच उभा राहिला, काहीच कमी झालं नाही, तर दुसरं ठिकाण तुम्हाला नकोच आहे. एकाच ठिकाणी खोल जा. प्रश्न कोसळला, तर नेमकं काय कोसळलं ते तीन ओळींत लिहा. त्या तीन ओळी तुमच्या पद्धतीच्या प्रकरणाची सुरुवात आहेत.